लेकरू घोरतं तेव्हा काय बघायचं, काय करायचं

लहान मूल घोरतंय म्हणजे त्याला गाढ झोप लागलीय, हा समज मिरजेत कान-नाक-घशाचा दवाखाना थाटल्यापासून मी ऐकत आलेय. आईबाबा काळजीने सांगत असतात आणि मागे बसलेलं कुणीतरी हसत म्हणतं, "आजोबांवर गेलाय, अगदी तस्साच घोरतो." आजोबांचं आपण नंतर बघू. सर्दीत चार रात्री घोरणं वेगळं. पण सर्दी नसताना आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री मूल घोरत असेल, तर त्याच्या श्वासाच्या वाटेत काहीतरी आडवं येतंय, एवढं नक्की.

अशी सगळीच मुलं आजारी नसतात. मात्र शंभरातल्या साधारण एक ते पाच मुलांची श्वासवाट झोपेत पुन्हापुन्हा अर्धी किंवा पूर्ण मिटते. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून जागा होतो, वाट उघडते, मूल परत झोपतं. रात्रभर हेच चालतं आणि सकाळी मुलाला त्यातलं काहीही आठवत नाही. हा स्लीप ॲप्निया. दोन ते आठ या वयात तो जास्त दिसतो, कारण या वयात टॉन्सिल आणि ॲडेनॉइड, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या गाठी, घशाच्या मानाने सगळ्यात मोठे असतात. टॉन्सिल तोंड उघडलं की दिसतात. ॲडेनॉइड नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर दडलेले असतात, बॅटरी मारून दिसत नाहीत. "नाकातलं हाड वाढलंय" असं लोक सर्रास म्हणतात ते बहुतेक वेळा यांच्याबद्दलच. हाडाचा तिथे काही संबंध नसतो.

जागेपणी घशाचे स्नायू ही वाट ताणून उघडी ठेवतात, झोपेत ते सैल पडतात. त्यामुळे दिवसा माझ्यासमोर खुर्चीवर बसलेल्या मुलाचा श्वास बहुधा ठीकच चाललेला असतो. म्हणून मी पालकांना सांगते, तपासणीचा अर्धा भाग माझा, अर्धा तुमचा. तुमचा अर्धा रात्री करायचा.

रात्रीची तपासणी

मूल झोपलं की दहा वाजता एकदा डोकावून "शांत झोपलाय की" म्हणणं पुरेसं नाही. घोळ होतो तो उत्तररात्री. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि तेव्हा स्नायू सगळ्यात ढिले पडतात. साडेतीन-चारचा गजर लावा आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसा. दिवा मंद ठेवा, पांघरूण कमरेपर्यंत खाली घ्या, छाती आणि पोट दोन्ही दिसलं पाहिजे.

आवाजापेक्षा शांततेकडे लक्ष द्या. घोरणं चालू असतं, मध्येच थांबतं. छाती-पोट हलतंय, म्हणजे मूल श्वास ओढायचा प्रयत्न करतंय, पण नाकातोंडातून हवेचा आवाज नाही. मग एकदम आचका, घुसमटल्यासारखा हुंदका, अंग हलतं, कूस बदलली जाते आणि घोरणं परत सुरू. असं दिसलं तर ते माझ्या दृष्टीने सोन्यासारखं निरीक्षण आहे. घड्याळ लावून दहा सेकंद भरायची वाट बघू नका. दहा सेकंदांचा हिशोब मोठ्या माणसांचा. मुलांमध्ये दोन श्वास चुकले तरी तो खंड आम्ही मोजतो.

श्वास घेताना पोट वर येतं आणि छाती उलट आत जाते का, तेही बघा. गळ्याखाली, छातीच्या हाडाच्या वर जो खळगा असतो तो प्रत्येक श्वासाला आत खेचला जातोय का? तीन वर्षांच्या आतल्या मुलांत छाती-पोटाची अशी उलटी हालचाल स्वप्नांच्या झोपेत थोडीफार असू शकते, मोठ्या मुलात ती नसावी. मूल कसं झोपलंय हेही खूप सांगतं. मान मागे टाकून, हनुवटी वर करून, किंवा गुडघे पोटाशी घेऊन ढुंगण वर करून. ही मुलं झोपेतच शोधून काढतात की कुठल्या स्थितीत हवा बरी येते. ऐन डिसेंबरात उशी घामाने ओली होते. आणि अंथरूण ओलं करणं बंद होऊन वर्ष झालेलं मूल पुन्हा शू करायला लागलं, तर त्याला ओरडायच्या आधी त्याचा श्वास बघा.

तासगावकडची एक आजी नातवाला घेऊन आली होती. मुलाच्या आईने सांगितलं, थोडं घोरतो. आजी म्हणाली, "थोडं न्हाई बाई. मी ह्याच्या उशालाच निजती. दम अडकला की हालवती." रात्रीतून किती वेळा, तर त्याला गणती नव्हती. मुलाचा घसा बघायच्या आधीच माझं निम्मं निदान झालं होतं. आपल्या घरांत मुलं बऱ्याचदा आजीजवळ झोपतात. तेव्हा दवाखान्यात येताना आजीला घेऊन या, निदान फोनवर तरी बोलायला लावा.

मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. पंख्याची घरघर जास्त असेल तर तेवढ्यापुरता बंद करा. फोन छातीच्या पातळीवर धरा, नुसता चेहऱ्यावर नको. बोलू नका, मुलाला हात लावू नका. वेगवेगळ्या रात्रींचे दोन-तीन व्हिडिओ असले तर उत्तम. आणि कृपा करून ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथून उपचार येतील, पण भलतेच.

दिवसा काय दिसतं

मोठ्या माणसाला हा आजार असला की तो दिवसा पेंगतो. मूल बहुतेक वेळा उलट करतं. झोप पुरी न झालेलं मूल चिडचिडं, हट्टी, एका जागी न बसणारं होतं. शाळेतून तक्रार येते ती "वर्गात झोपतो" अशी नव्हे, तर "लक्ष नाही, शेजारच्याला त्रास देतो" अशी. काही मुलांवर अतिचंचलतेचा शिक्का बसतो आणि घसा कुणी बघितलेलाच नसतो. याचा अर्थ प्रत्येक मस्तीखोर पोराचे टॉन्सिल काढायचे असा नाही. मस्ती करणं हा मुलांचा धंदाच आहे. पण मस्तीच्या जोडीला रोजचं घोरणं असेल तर दोन्हींचा विचार एकत्र करा.

सकाळी डोकं दुखणं, घसा कोरडा पडणं, दिवसासुद्धा तोंड उघडंच राहणं ही बाकीची लक्षणं. ही मुलं जेवायला फार वेळ लावतात. भाकरीचा घास चावायचा की तोंडाने श्वास घ्यायचा, एका वेळी एकच जमतं. त्यातून वजन मागे पडतं. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं, तीच झोप मोडत राहिली तर उंचीलाही फटका बसतो. काही मुलं मात्र जाड असतात आणि जाडीमुळेच त्यांचा घसा दबतो, विशेषतः शाळेतल्या मोठ्या वयाची. म्हणजे हडकुळं मूल आणि गुटगुटीत मूल, दोघंही या यादीत येतात.

घरी करण्यासारखी एक सोपी चाचणी. मुलाला "मामा, नाना, मनीमाऊ" म्हणायला सांगा. नाकाच्या मागची वाट बंद असेल तर हवा नाकातून जात नाही, म चा ब होतो आणि न चा द. मामाचा बाबा होतो, नानाचा दादा. स्वतःचं नाक चिमटीत धरून म्हणून बघा, लगेच कळेल. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टरांनी १८६८ साली ॲडेनॉइडच्या वाढीचं वर्णन केलं, तेव्हा त्यांचं लक्ष वेधलं होतं ते अशा मुक्या पडलेल्या बोलण्याने आणि कमी ऐकू येण्याने. हो, कानसुद्धा. ॲडेनॉइड वाढले की कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. टीव्हीचा आवाज मूल सारखा वाढवत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरकडे गेल्यावर

वजन-उंची, घसा, नाक, कान एवढं बघितलं जाईल. ॲडेनॉइडसाठी मानेचा बाजूने एक्स-रे किंवा नाकातून बारीक दुर्बीण. टॉन्सिल नुसते मोठे दिसले म्हणून ऑपरेशन होत नाही. मोठे टॉन्सिल असून शांत झोपणारी मुलं मी रोज बघते, आणि मध्यम टॉन्सिल असून रात्रभर झगडणारीही.

पक्कं निदान म्हणजे स्लीप स्टडी. म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभर नोंद. मूल एक रात्र तपासणीच्या खोलीत झोपतं, शेजारी आई किंवा बाबा. डोक्याला चिकटवलेल्या तारा, नाकाशी बारीक नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. सुई नाही, दुखत नाही. मूल तारा ओढेल ही भीती असते, पण बहुतेक मुलं तासाभरात विसरून झोपतात. तासाला किती वेळा श्वास अडला हा आकडा यातून मिळतो. मुलांमध्ये एकपेक्षा जास्त आला की तो बरोबर नाही. पाचपर्यंत सौम्य, पाच ते दहा मध्यम, दहाच्या वर तीव्र. रिपोर्ट हातात आल्यावर एक गोष्ट तपासा: मोजमाप मुलांच्या निकषांनी केलंय ना? मोठ्यांच्या हिशोबात पाचपर्यंत सगळं ठीक धरतात, आणि त्या चष्म्यातून ज्याचा आकडा चार आलाय असं मूल नॉर्मल ठरवून घरी पाठवलं जाऊ शकतं.

लहान मुलांची स्लीप स्टडी सगळीकडे होत नाही, आमच्या भागातून पुण्या-मुंबईकडे जावं लागतं. म्हणून एरवी निरोगी मूल, स्पष्ट लक्षणं, व्हिडिओत दिसणारा खंड आणि भरलेला घसा असेल तर आमच्यातले बरेच जण त्याशिवायही ऑपरेशनचा सल्ला देतात. ते गैर नाही. मात्र मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, खूप जाड असेल, डाउन सिंड्रोम असेल, चेहऱ्या-जबड्याची ठेवण जन्मतः वेगळी असेल, स्नायूंचा आजार असेल किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, तर आधी स्टडी कराच. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या पालकांनी शेवटचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा, कारण सिकलसेलच्या मुलाचा रात्री ऑक्सिजन उतरणं ही साधी गोष्ट नव्हे. डाउन सिंड्रोमच्या मुलांची स्टडी लक्षणं नसली तरी चार वर्षांच्या आत करावी, असा अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे.

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर रात्री बोटाला लावून बसू नका. तो मोठ्यांच्या बोटासाठी असतो, पोर हललं की सरकतो आणि भलतेच आकडे दाखवून तुमचीच झोप उडवतो. रात्रभराची नोंद ठेवणारा, मुलांच्या मापाचा ऑक्सिमीटर काही रुग्णालयांत मिळतो. त्यात गडबड दिसली तर निदानाला बळ मिळतं. नाही दिसली तर आजार नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही.

औषधं, फवारे आणि घरगुती उद्योग

सौम्य त्रास असेल, सोबत ॲलर्जीची सर्दी असेल, तर नाकात मारायचा स्टिरॉइड फवारा देतो, मोमेटासोन किंवा फ्ल्युटिकासोन. स्टिरॉइड म्हटलं की पालक दचकतात. डोस अगदी थोडा असतो आणि काम नाकापुरतं असतं. फायदा चार दिवसांत दिसत नाही, सहा ते बारा आठवडे रोज मारावा लागतो. मारायची पद्धत चुकली तर सगळं वाया. बाटली हलवा, मुलाची मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारलं तर रक्त येतं. नंतर जोरात ओढायला लावू नका, औषध घशात जातं.

मॉन्टेलुकास्टची गोळी पूर्वी सढळ हाताने लिहिली जायची. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी अशा परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टरांनी विचार करून दिली तर घ्या, पण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणू नका. गुंगी आणणारं सर्दीचं सिरपही "निदान शांत झोपेल" म्हणून पाजू नका. नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त नकोत. आणि लहान मुलाच्या नाकात तेल-तूप सोडणं बंद करा, ते खाली फुफ्फुसात उतरू शकतं.

झोपायच्या खोलीत मच्छर कॉइल, उदबत्ती, बिडी-सिगारेट यातलं काही नको. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवा. वजन जास्त असेल तर सगळ्या घराचंच खाणं बदलावं लागतं. एकट्या मुलापुढे काकडी आणि बाकीच्यांपुढे वडापाव, हे चालत नाही.

ऑपरेशन

मध्यम किंवा तीव्र त्रास आणि मोठे टॉन्सिल-ॲडेनॉइड असतील तर पहिला उपचार ते काढणं हाच. पूर्ण भूल, तोंडातूनच काम, बाहेर टाका नाही. "टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती जाते का?" हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं. घशात आणि शरीरभर तसल्या पेशींचा भरपूर साठा असतो, तेवढ्याने मूल दुबळं होत नाही.

फायदा किती, याचं प्रामाणिक उत्तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत आहे. पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुलं घेतली. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, बाकीच्यांवर सात महिने नुसती नजर. ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल झाली, न झालेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची. म्हणजे ऑपरेशन खूप चांगलं, पण सौम्य त्रास असलेलं मूल काही महिने देखरेखीखाली थांबू शकतं, हेही तितकंच खरं. वागणं, झोप, एकूण जगणं ऑपरेशनवाल्या मुलांचं जास्त सुधारलं. एकाग्रतेच्या चाचणीत मात्र ठळक फरक पडला नाही. तेव्हा ऑपरेशननंतर गणितात पैकीच्या पैकी पडतील असं कुणी सांगितलं तर दुसरं मत घ्या.

भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी आपणहून सांगा: मूल झोपेत अडखळतं, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, आणि दुधाचा दात हलतोय का. तिसरी गोष्ट हमखास राहते. उपाशी ठेवायची वेळ काटेकोर पाळा. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. तीन वर्षांच्या आतलं किंवा तीव्र त्रासाचं मूल असेल तर रात्रभर मॉनिटर लावून ठेवण्याची सोय आहे का हे आधीच विचारा. नसेल तर दुसरं रुग्णालय बघा, इथे भीड नको.

घरी आल्यावर खरी कसोटी पाण्याची. दुखतं म्हणून मूल गिळत नाही, गिळत नाही म्हणून घसा सुकतो, सुकला की आणखी दुखतं. गार दूध, आइस्क्रीम, ताक, पेज, गार केलेली साबुदाण्याची खीर, मऊ दहीभात, जे मागेल ते, घोट-घोट. चिवडा, चकली, टोस्ट, कडक भाकरी दोन आठवडे नको. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, ठरलेल्या वेळी, रडायची वाट न बघता द्या. कोडीन असलेलं कुठलंही औषध द्यायचं नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचं झपाट्याने मॉर्फिन होतं आणि श्वास मंदावतो. ॲस्पिरिनही नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढतं, कान ठणकतो, तोंडाला वास येतो, घशात पांढरट साय दिसते. हे सगळं अपेक्षित आहे, पू नव्हे, खरवडायला जाऊ नका. अपेक्षित नाही ते रक्त. पहिले चोवीस तास आणि मग पाचवा ते दहावा दिवस, हा धोक्याचा काळ. ताजं लाल रक्त दिसलं, काळपट उलटी झाली, किंवा मूल झोपेत सारखं काहीतरी गिळतंय असं वाटलं, तर रक्त थांबलं असलं तरी तडक रुग्णालय गाठा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवी नसेल तरीही. म्हणूनच दोन आठवडे शाळा नाही आणि गावच्या जत्रेला जाणंही नाही. रुग्णालय हाकेच्या अंतरावर असू द्या.

सुरुवातीला सुजेमुळे घोरणं राहतं, घाबरू नका. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पहाटे उठून तीच तपासणी करा. तरीही घोरत असेल, मूल जाड असेल किंवा आधी आजार तीव्र असेल तर पुन्हा स्लीप स्टडी लागते. काहींना रात्री हवेच्या दाबाचा मास्क, सीपॅप, लावावा लागतो. तो पहिल्याच रात्री तोंडावर चढवू नका. आठवडाभर दिवसा खेळायला द्या, बाहुलीला लावा, बाबांना लावा, कार्टून बघताना मशीन बंद ठेवून नुसता घालू द्या. टाळू अरुंद असेल तर दातांचे डॉक्टर तो हळूहळू रुंदावतात. क्वचित ॲडेनॉइड पुन्हा वाढतात, तेव्हा वर्षभराने परत घोरणं सुरू झालं तर "एकदा काढलेत ना" म्हणून सोडून देऊ नका.

ओठ निळे पडले, जागेपणीही छाती खोल आत ओढली जाते, लाळ गिळता येत नाही किंवा मूल नीट जागंच होत नाही, तर व्हिडिओ काढत बसायचं नाही. त्याच क्षणी निघा.

खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना घोरण्याबद्दल स्वतःहून सांगा. रांगेत उभ्या असलेल्या मुलाकडे बघून ते कुणाला कळणार नाही. पथक जिल्हा रुग्णालयाकडे पाठवू शकतं. खासगीत जाणार असाल तर जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर भरती व्हायच्या आधी चौकशी करा, रेशन कार्ड आणि मुलाचं आधार कार्ड सोबत ठेवा.